ऑल व्हील ड्राइव्ह गाडीचा एकच टायर गेला, मग बाकीचे तीन चांगले टायरपण काढायचे का?

ऑल व्हील ड्राइव्ह गाडीचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या गाडीचा, एखादा टायर साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, फाटला की दोन सल्ले हमखास मिळतात. टायरवाला म्हणतो चारही बदला नाहीतर गिअरबॉक्स जाईल, आणि ओळखीतला एखादा जुना ड्रायव्हर म्हणतो काही होत नाही, एक टाक आणि चालव. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात आणि दोघंही चुकीचे असू शकतात, कारण दोघांनीही दोन गोष्टी विचारलेल्याच नसतात. एक, उरलेल्या तीन टायरवर नक्षी किती मिलिमीटर शिल्लक आहे, आणि दोन, तुमच्या गाडीत पुढची आणि मागची चाकं एकमेकांना नेमकी कशाने जोडलीयेत. हे दोन कळल्याशिवाय कोणी छातीठोक उत्तर देत असेल तर तो अंदाजाने बोलतोय असं समजा.

आता सगळ्यात आधी, टायर खरंच गेलाय का ते तर बघा. खिळा मधल्या नक्षीत घुसलाय, भोक साधारण ६ मिमीपेक्षा मोठं नाही, आणि हवा गेल्यावर तसंच रेटत गाडी चालवलेली नाही, तर टायर रिममधून काढून आतून पॅच आणि भोकात प्लग असं दोन्ही लावून नीट दुरुस्ती होते आणि मग या लेखातली पुढची सगळी भानगडच उरत नाही, कारण तोच टायर आहे, झीज तेवढीच आहे, घेर बदललेला नाही. पण कट साइडवॉलला असेल, किंवा नक्षी संपून साइडवॉल सुरू होते त्या खांद्यावर असेल, किंवा खड्ड्यात आपटून फुगा आला असेल तर दुरुस्ती नाही. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत आणि हवा फक्त रबराच्या भरवशावर आहे. आणि बिनहवेचं बरंच अंतर गाडी गेली असेल तर वरून टायर धडधाकट दिसला तरी आत साइडवॉलचा रबर चुरला जातो, रिममधून काढला की आत काळा भुगा दिसतो. तो टायर पण संपला.

समजा संपलाच आहे. तर आता थोडं गणित करू, कठीण नाहीये.

एक उदाहरण घेऊ, २२५/६५ आर १७ मापाचा टायर, एसयूव्हीमध्ये बऱ्यापैकी कॉमन. याचा व्यास नवा असताना साधारण ७२४ मिमी येतो आणि घेर २२७५ मिमीच्या आसपास. नव्या टायरवर नक्षी साधारण ८ मिमी खोल असते (सगळ्यांची नाही, काहींची कमी असते, खडबडीत रस्त्यांसाठीच्या टायरची जास्त असते). आता तुमचे बाकीचे तीन अर्धे झिजलेत, ४ मिमी उरलीये असं धरा. त्रिज्या ४ मिमीने कमी, म्हणजे व्यास ८ मिमीने कमी, म्हणजे घेर २५ मिमीने कमी. टक्केवारीत १.१ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण नवा टायर किलोमीटरला ४३९-४४० वेळा फिरतो आणि झिजलेला ४४४ वेळा, म्हणजे दर किलोमीटरला जवळजवळ ५ फेऱ्यांचा फरक, आणि १०० किलोमीटर गेलात की पाचशेच्या जवळपास. हा कागदावरचा हिशोब झाला, रस्त्यावर टायर खाली दबतो, आतला स्टीलचा पट्टा आपली लांबी सोडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक थोडा कमी भरतो, पण फरक राहतो आणि मुख्य म्हणजे तो एका मिनिटासाठीही थांबत नाही.

लक्षात ठेवायला सोपं माप हवं असेल तर हे: नक्षीत १ मिमीचा फरक म्हणजे घेरात सव्वासहा मिमीचा फरक. टायर लहान असो की मोठा, हे बदलत नाही.

आता कोणीही हुशार माणूस इथे विचारेल की अहो वळण घेताना तर चाकांच्या फिरण्यात याच्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो, मग १ टक्क्याने काय आभाळ कोसळणार आहे? प्रश्न एकदम रास्त आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी याचं उत्तरच कोणी देत नाही, नुसतं घाबरवतात. तर बघा. मागच्या एक्सलचा मध्य १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतोय असं घट्ट वळण घ्या, डाव्या-उजव्या चाकांत १.६ मीटर अंतर धरा, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा १७ टक्के जास्त अंतर कापतं. म्हणून तर प्रत्येक एक्सलवर डिफरन्शिअल असतो, त्याचं कामच ते आहे, डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं. त्याला १७ टक्के पचतात तर १.१ टक्का किस झाड की पत्ती. पुढच्या-मागच्या एक्सलचं बघितलं तर त्याच वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा साडेतीन टक्के जास्त जातात. म्हणजे १.१ च्या तिप्पट. पण ते वळण तुम्ही हळू घेता, काही सेकंदात संपतं, आणि लगेच सरळ रस्त्यावर सगळं निवांत होतं. टायरचा फरक हायवेवर १०० च्या स्पीडला तीन-तीन तास सलग चालू राहतो. जे पार्ट मध्येच थोडं घसरायला बनवलेत ते न थांबता घसरत राहतात, आणि घसरण म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता. लहान फरकाने पार्ट तुटत नाही, भाजतो. तेल जळतं, प्लेटा चकचकीत होतात, मग पकडायच्या वेळी पकडत नाहीत किंवा सोडायच्या वेळी सोडत नाहीत.

किती उष्णता ते पण काढता येतं. १०० च्या स्पीडला आपल्या उदाहरणातलं चाक मिनिटाला ७३० च्या वर फिरतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये पूर्ण १.१ टक्क्याचा फरक धरला तर ८ फेऱ्या. मागच्या डिफरन्शिअलच्या अलीकडे, म्हणजे मागच्या एक्सलपर्यंत ओढ नेणाऱ्या लांब दांड्यावर, प्रोपेलर शाफ्टवर, फेऱ्या साधारण साडेतीन पट असतात, म्हणजे तिथे २८ चा फरक. पुढची आणि मागची बाजू जोडणारा मधला क्लच त्या वेळी २०० न्यूटन मीटर टॉर्क धरून असेल तर जवळपास ६०० वॅट उष्णता त्या बंद डब्यात तयार होतेय, सतत, आणि आत तेल असतं फार थोडं. क्लच पूर्ण मोकळा असेल तर जवळपास काहीच नाही. म्हणूनच 'कोणती सिस्टीम आहे' हा प्रश्न महत्त्वाचा.

तीन पायांची शर्यत आठवते ना, शेजारच्याचा पाय आपल्या पायाला बांधून पळायचं? त्याची टांग तुमच्यापेक्षा इंचभर आखूड असेल तर काही पावलं काहीच जाणवत नाही, पण मैदानाला चक्कर मारायची म्हटली की दोरी काचायला लागते. आता दोरी किती घट्ट बांधलीये यावर सगळं अवलंबून.

दोरी सगळ्यात घट्ट कुठे असते? पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये, जिम्नीसारख्या गाड्यांत, जिथे फोर-एच (चारही चाकांना ओढ) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट अक्षरशः एकमेकांना लॉक होतो, मध्ये काहीच लवचिक नाही. पण अशा गाड्या रोज टू-एच मध्ये, फक्त मागच्या चाकांच्या ओढीवर चालतात, तेव्हा पुढची चाकं नुसती गडगडत येतात, त्यामुळे पुढच्या-मागच्या फरकाने रोजच्या वापरात काही बिघडत नाही. डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर-एच टाकू नका हे तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच असतं, टायर चारही सारखे असले तरी. चिखलात, वाळूत चाकं घसरून ताण मोकळा होतो.

दुसऱ्या टोकाला सेंटर डिफरन्शिअलवाल्या फुल टाइम गाड्या, लँड क्रूझर वगैरे. तिथे पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्येही एक डिफरन्शिअल असतो, तो लॉक केला नाही तर पुढच्या-मागच्या फरकाला बऱ्यापैकी सोसतो. 'बऱ्यापैकी' म्हटलं कारण त्याच्यासोबत बहुतेक वेळा काहीतरी पकडणारं जोडलेलं असतं. बऱ्याच ऑडी क्वाट्रोंमध्ये मध्ये टॉर्सन जातीचा डिफरन्शिअल असतो, तो घर्षणावरच चालतो. मॅन्युअल गिअरच्या अनेक सुबारूंमध्ये सेंटर डिफरन्शिअलला व्हिस्कस कपलिंग जोडलेलं असायचं. व्हिस्कस म्हणजे सिलिकॉनचं दाट तेल आणि त्यात एकाआड एक भोकंवाल्या प्लेटा, दोन बाजूंच्या वेगात फरक पडला की तेल तापतं, दाब वाढतो आणि दोन्ही बाजू एकमेकांना ओढायला लागतात. बर्फात एक एक्सल घसरला की हे सुंदर काम करतं. पण वेगळे टायर टाकले की त्याला रोजच वाटतं कोणीतरी घसरतंय, ते तापत राहतं, आणि एक दिवस कायमचं घट्ट होऊन बसतं. पहिल्या पिढीची लँड रोव्हर फ्रीलँडर याच्यासाठी बदनामच होती, व्हिस्कस युनिट घट्ट झालं की त्याचा मार पुढच्या गिअरबॉक्सला चिकटलेल्या, मागे ओढ पाठवणाऱ्या ट्रान्सफर युनिटवर बसायचा आणि छोट्या दुखण्याचं मोठं दुखणं व्हायचं.

आणि आता ज्या गाड्या सगळ्यात जास्त विकल्या जातात त्या: आडवं इंजिन, मुख्य ओढ पुढच्या चाकांना, आणि मागच्या डिफरन्शिअलच्या तोंडाशी एक मल्टिप्लेट क्लच, जो कॉम्प्युटर लागेल तसा दाबतो. हॅल्डेक्स हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, १९९८ च्या ऑडी टीटीपासून फोक्सवॅगन ग्रुपच्या कितीतरी गाड्यांत आणि व्होल्वोत ते आलं. जुन्या हॅल्डेक्समध्ये क्लच दाबायला लागणारा तेलाचा दाब हा पुढच्या-मागच्या शाफ्टच्या वेगातल्या फरकानेच तयार व्हायचा, म्हणजे टायर वेगळे टाकले की तुम्ही तो पंप स्वतःच्या हाताने चालू ठेवलात. नंतर इलेक्ट्रिक पंप आला. तरी कॉम्प्युटर एबीएसच्या सेन्सरवरूनच चाकांचे वेग वाचतो, त्याला टायर नवा आहे का जुना हे थेट दिसत नाही, त्याला फक्त दिसतं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरतायत, म्हणजे घसरतायत बहुतेक, दाबा क्लच. थोडाफार फरक शिकून घेऊन दुर्लक्ष करायची सोय बऱ्याच गाड्यांत असते पण तिला मर्यादा आहे. उभ्या इंजिनाच्या बीएमडब्ल्यू एक्सड्राइव्हमध्ये असाच क्लच गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ओढ पुढे-मागे वाटणाऱ्या डब्यात असतो, तिथे ओढ मुख्यतः मागच्या चाकांना, आणि ती ट्रान्सफर केस टायरच्या फरकाबाबत नाजूक म्हणून मेकॅनिक लोकांत प्रसिद्ध आहे.

राहिल्या इलेक्ट्रिक आणि काही हायब्रिड गाड्या. पुढे एक मोटर, मागे एक मोटर, मध्ये शाफ्टच नाही. रॅव्ह फोर हायब्रिडच्या ऑल व्हील ड्राइव्हमध्ये पण मागची चाकं स्वतंत्र मोटरवर आहेत. दोरीच नाही तर काचणार काय. अशा गाडीत पुढे-मागे वेगळी झीज असली तर यांत्रिक नुकसानीचा धाक सोडून द्या, मात्र एकाच एक्सलवर एक नवा एक गुळगुळीत असं तिथेही करू नका, ब्रेक आणि ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) हे चाकांच्या वेगावरूनच निर्णय घेतात, आणि पावसात एका बाजूला पाणी कापणारी नक्षी आणि दुसऱ्या बाजूला नाही हे कुठल्याच गाडीत चांगलं नाही.

मग किती फरक चालतो? एक आकडा नाही, कंपनी कंपनीचं वेगळं. सुबारू फार कडक, चारही टायरच्या घेरात पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमीपेक्षा जास्त फरक नको म्हणते. वरचं माप लावा, म्हणजे नक्षीत १ मिमी. काही कंपन्या ३ मिमीपर्यंत चालवून घेतात. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल आणि सर्व्हिस सेंटरवाला पण गुळमुळीत बोलत असेल तर मी स्वतः दीड ते दोन मिमी ही रेघ धरतो, क्लचवाल्या गाडीला दीडच.

आता एक अशी गोष्ट जी पहिल्यांदा ऐकल्यावर उलटी वाटते. 'एक नको तर निदान जोडी टाका, एका एक्सलवर दोन' हा सल्ला सगळे देतात. टू व्हील ड्राइव्ह गाडीला तो शंभर टक्के बरोबर आहे. पण ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मधल्या क्लचच्या नजरेने बघा. डिफरन्शिअलच्या शाफ्टचा वेग हा दोन्ही चाकांच्या वेगाच्या सरासरीवर ठरतो. मागे एकच टायर नवा टाकला तर त्या एक्सलची सरासरी १.१ च्या निम्मी, म्हणजे ०.५५ टक्क्यानेच बदलली. मागे दोन्ही नवे टाकले तर पूर्ण १.१ टक्का. म्हणजे जोडी टाकून तुम्ही मधल्या क्लचवरचा फरक दुप्पट केलात! उष्णता पण दुप्पट. जास्त पैसे घालून जास्त त्रास. एक्सलवर डावं-उजवं सारखं झालं, गाडी एका बाजूला ओढणार नाही, ब्रेक सरळ लागतील, हे फायदे खरेच, ते नाकारत नाहीये, पण 'जोडी टाकली म्हणजे ड्राइव्हट्रेन (चाकांना ओढ पोचवणारे सगळे पार्ट) सेफ' हा समज चुकीचा आहे. जोडीचा फरकसुद्धा त्याच मिलिमीटरच्या रेघेत बसला पाहिजे, नाही बसला तर जोडी हा मधला मार्ग नाहीचे.

मग एखादा डोकेबाज म्हणेल की एक नवा पुढे डावीकडे आणि एक नवा मागे उजवीकडे टाकू, दोन्ही एक्सलची सरासरी सारखी. गणिताने बरोबर! मधला क्लच खूश. पण मग दोन्ही एक्सलवर डावं-उजवं वेगळं, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की गाडी कुठे जाईल सांगता येत नाही, आणि एक्सलवर लिमिटेड स्लिप, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जास्त वेगळं फिरू न देणारा डिफरन्शिअल असेल तर तो पण रगडला जाणार. करू नका. सांगितलं एवढ्यासाठी की सरासरीचा मुद्दा डोक्यात बसावा.

हवा कमीजास्त करून फरक भरून काढता येईल का, हेही विचारतात लोक. नाही. रेडियल टायरच्या नक्षीखाली स्टीलचा पट्टा असतो, तो ताणला जात नाही, त्यामुळे हवेने घेर अगदी किंचित बदलतो. तेवढा किंचित बदल ओळखून काही गाड्या हवा कमी झाल्याची सूचना देतात हे खरंय, पण तो सेन्सरचा सूक्ष्मपणा झाला, त्याने ४ मिमीची झीज भरून निघत नाही. उलट हवा चुकीची ठेवून टायर वेडावाकडा झिजेल ते वेगळंच.

बरं, मापायचं कसं. ट्रेड डेप्थ गेज नावाची छोटीशी वस्तू मिळते, काडी खाचेत घालायची आणि आकडा वाचायचा. प्रत्येक टायरवर आतली खाच, मधली खाच, बाहेरची खाच, आणि टायरच्या गोलाईवर दोन-तीन ठिकाणी. खाचेच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात त्यांच्यावर काडी टेकवू नका, ते झीज दाखवणारे आहेत, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिमी उरली आणि बऱ्याच देशांत कायद्याने तिथे टायर संपतो. (तुमचे तीन टायर ३ मिमीच्या खाली गेले असतील तर पुढचं वाचायची गरजच नाही, चारही घ्या, पावसात तसेही ते भरवशाचे नाहीत.) याहून पक्कं माप हवं असेल तर टायरवर खडूची खूण करा, खूण बरोबर खाली आली की जमिनीवर रेघ मारा, गाडी सरळ ढकलत चाक पाच फेऱ्या फिरू द्या, पुन्हा रेघ मारा आणि टेपने अंतर मोजून पाचाने भागा. गाडीचं वजन टायरवर असतानाचा खरा घेर मिळतो, आणि वेगळ्या ब्रँडचे टायर असतील तर हीच पद्धत वापरा, कारण साइडवॉलवर माप तेच लिहिलेलं असलं तरी दोन कंपन्यांच्या टायरचा प्रत्यक्ष व्यास काही मिलिमीटरने वेगळा असू शकतो.

याच कारणाने बदलीचा टायर घेताना तोच ब्रँड, तेच मॉडेल, तेच माप, तोच लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग (किती वजन आणि किती वेग पेलतो ते). आणि साइडवॉलवर गाडी कंपनीची खूण आहे का तेही बघा, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, ऑडीसाठी एओ, मर्सिडीजसाठी एमओ, पोर्शेसाठी एन आणि पुढे आकडा. मॉडेलचं नाव एकच पण खूण वेगळी, तर आतली बांधणी वेगळी असू शकते, दुकानदाराला हे माहीत असेलच असं नाही.

आता पर्याय. उरलेले तीन जवळपास नवे असतील, फरक रेघेच्या आत, तर बिनधास्त एकच टाका. फार कमी लोक हे सांगतात पण हजार-दोन हजार किलोमीटर झालेल्या गाडीला चार टायर विकणं म्हणजे शुद्ध धंदा आहे. फरक जास्त असेल तर सगळ्यात डोकेबाज उपाय म्हणजे टायर शेव्हिंग, नव्या टायरची नक्षी मशीनवर तासून बाकीच्या तिघांएवढी करायची. चांगलं रबर तासून फेकायचं म्हणजे जिवावर येतं, पण तीन चांगले टायर फेकण्यापेक्षा परवडतं. रेसिंगवाले हे फार आधीपासून करतात. अडचण एवढीच की मशीन सगळीकडे नसतं.

ते नाही जमलं तर त्याच मॉडेलचा, तेवढाच झिजलेला, वापरलेला टायर. लोक नाक मुरडतात, पण या एका कामासाठी तो नव्यापेक्षा जास्त योग्य असतो. फक्त तपासून घ्या: साइडवॉलवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३२२ असेल तर २०२२ चा २३ वा आठवडा. रिमवर नसलेला टायर मागा म्हणजे आत हात फिरवून जुने पॅच, चुरलेला रबर, तुटलेले धागे बघता येतात. रिमवर चढवून हवा भरून दाखवत असेल तर आत काय आहे ते तुम्हाला दिसणार नाही. आणि यातलं काहीच शक्य नसेल तर मग चार. वाईट वाटतं खरं, पण काढलेल्या तिघांतला सर्वात चांगला स्टेपनी म्हणून ठेवा, बाकीचे कोणाच्यातरी टू व्हील ड्राइव्ह गाडीला जोडीने लागतील.

स्टेपनीवरून आठवलं. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिचा घेर मूळ टायरपेक्षा वेगळा असू शकतो, तिच्यावर सहसा ८० ची वेगमर्यादा छापलेली असते, आणि ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ती फक्त टायरच्या दुकानापर्यंत जायला वापरायची, आठवडाभर नाही. ती पुढे लावायची की मागे हे मॅन्युअलमध्ये असतं, काही गाड्यांत पुढचा टायर बसला तरी स्टेपनी मागे लावून मागचा चांगला टायर पुढे आणायला सांगतात, दोनदा जॅक लावायचा कंटाळा येतो पण कारण आहे. जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंमध्ये तर बॉनेटखाली एक रिकामी फ्यूजची जागा असायची, तिथे फ्यूज खोचला की मागची ओढ बंद व्हायची, स्टेपनीवर असताना वापरायला म्हणूनच.

आधीच वेगळे टायर टाकून फिरताय आणि धाकधूक वाटतेय? पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू हळू गाडी फिरवा. चाकं उडतायत, गाडी अडखळत अडखळत जातेय, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतंय, तर मधलं कपलिंग सुटत नाहीये. हायवेवरून आल्यावर गाडीखालून जळक्या तेलाचा वास, वेग वाढला की वाढणारा कण्हल्यासारखा आवाज, एबीएस किंवा फोर व्हील ड्राइव्हचा दिवा, ही बाकीची लक्षणं. यातलं काहीच नसेल तर घाबरू नका, हे एका दिवसात बिघडत नाही, टायर सारखे करा आणि कपलिंगचं, ट्रान्सफर केसचं, मागच्या डिफरन्शिअलचं तेल बदलून घ्या. ते 'लाइफटाइम' आहे, बदलायचं नसतं असं कोणी सांगितलं तरी बदला. आणि गाडी वॉरंटीत असेल तर टायरची बिलं जपून ठेवा, ड्राइव्हट्रेनचा क्लेम आला की टायरची नक्षी मोजली जाऊ शकते आणि ती वेगवेगळी निघाली की नाकारायला कारण मिळतं.

पुढच्या वेळी ही वेळच येऊ नये यासाठी एक करता येतं, ज्यांच्या गाडीत स्टेपनी मूळ टायरच्याच मापाची आणि तशाच रिमची आहे त्यांना. रोटेशन चार टायरचं न करता पाचही टायरचं करा, दर ८ ते १० हजार किलोमीटरला, स्टेपनी खाली येईल आणि एक वर जाईल, पाचही सारखे झिजतील. मग एक टायर फाटला तर बदलीचा टायर, तेवढाच झिजलेला, त्याच मॉडेलचा, गाडीतच असतो. मात्र नवीन गाडी घेतल्यापासून किंवा पाच टायर एकदम घेतल्यापासूनच हे सुरू करावं लागतं, तीस हजार किलोमीटरनंतर कोरी स्टेपनी काढून लावली तर परत तोच फरक. आणि एकाच दिशेने फिरणारे, साइडवॉलवर बाण असलेले टायर असतील तर स्टेपनी एका बाजूलाच चालते, रोटेशनचा क्रम त्याप्रमाणे टायरवाल्याकडून कागदावर लिहून घ्या.